आई काय म्हणाली

चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोकं वहिनीच्या हातात, दोन धाकटीच्या. सासूबाईंच्या पलंगावरची ती मोठी चादर. त्या गेल्यावर बरेच दिवस तशीच गुंडाळून पडली होती, मग एकदाची धुतली, आणि आता उन्हानं कडक झालेली. दोघींनी ती ताणली, झटकली, मधून दुमडली. आता चालत एकमेकींपाशी यायचं, टोकाला टोक लावायचं, की झालं.

वहिनीला हे काम मनापासून आवडायचं. का, ते तिनं देवाशिवाय कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. धाकटी म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची पाठची बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती बोलते ती हातांनी. आणि हातात चादर असली की तिला बोलता येत नाही. तेवढा वेळ वहिनीची सुटका.

पण त्या सकाळी धाकटीनं आपली दोन्ही टोकं सोडून दिली. चादर फरशीवर पसरली. धाकटीनं हनुवटीवर बोट टेकवलं. सासूबाईंच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून तीळ म्हणजे आई. तिच्या भाषेत माणसांची नावं अशीच पडतात, दिसण्यावरून नाहीतर सवयीवरून. शेजारच्या काकू म्हणजे नाकावरून चष्मा वर सरकवणं. दूधवाला म्हणजे लंगडणं. आपलं नाव काय आहे, हे वहिनीनं इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

तीळ. मग पंजा खांद्यावरून मागे गेला, म्हणजे तेव्हाचं, होऊन गेलेलं. मग ओठांपाशी बोटं उघडत-मिटत राहिली, बराच वेळ, म्हणजे खूप बोलली. आणि सगळं मांडून झाल्यावर शेवटी भुवया वर आणि तळहात उताणा. काय?

आपण प्रश्न वाक्यात मिळेल तिथे खुपसतो. धाकटी आधी माणूस आणून उभं करते, मग वेळ, मग काम, आणि प्रश्न सगळ्यांच्या मागून येतो. त्यामुळे तो टाळायचा म्हटलं तर टाळता येत नाही. तोवर सगळी साक्षीदार मंडळी खोलीत येऊन उभी राहिलेली असतात.

वहिनीनं हातातली टोकं काखेत धरली आणि उजव्या पंजानं हवा दोनदा पुढे ढकलली. नंतर. ओठ मिटलेले, नजर गॅसकडे. गॅसवर काहीही नव्हतं.

एरवी धाकटी मान हलवायची आणि कामाला लागायची. आज तिनं मान हलवली नाही. तिनं वहिनीकडे पाहत पंजा पुढे केला, हवा दोनदा ढकलली, ओठ मिटले, नजर गॅसकडे नेली. हुबेहूब. आरशात पाहावं तसं वहिनीला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते काही फार बरं दिसत नव्हतं. मग धाकटीनं पिशवी उचलली, चपला घातल्या आणि कामावर गेली. रोज ती दार धाडकन आपटून जायची, तिला काय आवाज ऐकू येणार, आणि वहिनी रोज चिडायची. आज तिनं दार हातानं धरून अलगद लावलं. वहिनीला आपटलेलं परवडलं असतं.

वहिनी म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. भाजीवाल्याशी तासभर, शिंप्याशी तासभर, आणि रिकाम्या दळणाच्या डब्याशीही बोलेल असं नवरा म्हणायचा. तो स्वतः घड्याळं दुरुस्त करायचा, डोळ्याला भिंग लावून, आणि घरी आल्यावर वर्तमानपत्र लावून. त्याच्या वाटणीचंही तीच बोलायची. नात्यागोत्यात कुणाचं बिनसलं की वहिनीला बोलवायचे. याचं त्याला सांगताना ती चार शब्द गाळायची, दोन गोड घालायची, आणि भांडण मिटायचं. सगळे म्हणायचे, हिच्या जिभेवर साखर आहे. आणि हेही म्हणायचे, की नणंदेला किती सांभाळते, स्वतःच्या बहिणीसारखं.

सांभाळायची, यात खोटं नव्हतं. ताटात गरम वाढायची, दुखलंखुपलं पाहायची. पण बोलायची काय? जेव, चहा, आंघोळ, औषध, बाहेर, थांब, नंतर. एवढ्यावर संसार चालला होता. बाकीचं सासूबाई बघायच्या. मायलेकी ओट्यापाशी बसून हातांनी काय काय बोलायच्या, हसायच्या, भांडायच्यासुद्धा. वहिनीला वाटायचं, बरं आहे, तिला बोलायला आई आहे. जेवताना नवऱ्यानं क्वचित एखादा विनोद केला आणि सगळे हसले की धाकटी एकेकाच्या तोंडाकडे बघायची. काय? काय झालं? आणि वहिनी हसू आवरत पंजा पुढे करायची, नंतर. पुढे सांगायचं राहून जायचं. आणि विनोद शिळा करून सांगण्यात काय अर्थ?

आणि हीच वहिनी रोज पहाटे देवापुढे बसून जी लांबलचक प्रार्थना म्हणायची ती तिला न कळणाऱ्या जुन्या भाषेत होती. अर्ध्या शब्दांचा अर्थ तिला आजही ठाऊक नव्हता. पण नवी नवरी असताना तिनं ती उच्चारासकट, घोकून घोकून पाठ केली होती. एक मात्रा चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. देवासाठी इतकं केलं. देव तर सगळ्या भाषा जाणतो.

सासूबाईंचं शेवटचं दुखणं हातांपासून सुरू झालं. आधी उजवा गेला, मग डावा. जीभ जड झाली तरी चालत होती. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर त्यांच्या सायबी भाषेत वहिनीच्या नवऱ्याशी बोलत राहिले, आणि वहिनी मध्ये उभी राहून एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणतात?" तिनं विचारलं. नवरा म्हणाला, "सांगतो गं नंतर." तिला इतकं लागलं की परत येताना रिक्षात ती त्याच्याशी बोलली नाही. घरी पोचली, तर धाकटी दारातच उभी, भुवया वर, तळहात उताणा. वहिनी दमली होती. तिनं पंजा पुढे ढकलला. तेव्हा तिला काहीही आठवलं नाही.

मग ती दुपार आली. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, सासूबाई उशांना टेकून, मान एका बाजूला कललेली. धाकटी पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होती. नवरा दुकानात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इकडे ये. माझे हात गेले. आता तूच सांग तिला."

"काय सांगू आई?"

"ती एवढीशी होती. सारखे हात हलवायची. त्या डॉक्टरनं सांगितलं, हातांनी बोलू दिलंत तर ही तोंडानं जन्मात बोलणार नाही. म्हणून मी तिचे हात बांधायचे. स्वयंपाकाच्या फडक्यानं. ओट्यापाशी बसवायची आणि म्हणायची, म्हण आई, म्हण आई. ती रडायची. मी तिच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापायची. किती महिने केलं ते मी. मग एक दिवस मलाच सहन होईना, मी फडकं सोडलं आणि तिच्याकडून तिची भाषा शिकायला बसले. पण का बांधले होते, ते मी तिला कधी सांगितलं नाही. धीर झाला नाही माझा. तिला सांग, माझं चुकलं. आणि विचार, तुझ्या मनात राग आहे का. माझ्यासमोर विचार. मला तिचं उत्तर बघायचंय."

सासूबाई रडत होत्या. धाकटीचे हात थांबले. ती आईकडे बघत होती, वहिनीकडे बघत होती. भुवया वर. काय?

वहिनीपाशी शब्दच नव्हते. जेव, चहा, आंघोळ, औषध. यात चुकलं कुठे बसवायचं? राग आहे का, हे थांब आणि बाहेर यांतून कसं करायचं? एवढी जिभेवर साखर असलेली बाई, पण हातांवर मीठसुद्धा नव्हतं. मला येत नाही, एवढं तरी तिनं सासूबाईंना सांगायचं होतं. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढून येत नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून तिनं लाजेवर पांघरूण घातलं. हात सासूबाईंना दिसू नयेत म्हणून त्यांच्याकडे पाठ केली. हनुवटीवर बोट, मग घास तोंडाकडे, मग अंगठा वर. आई म्हणते, नीट जेवत जा.

धाकटी क्षणभर थांबली. मग हसली. उठून उशाशी आली, आईचा निर्जीव हात उचलून तिनं आपल्या गालावर ठेवला, डोळे पुसले आईचे, आणि मान हलवली, हो हो.

"नाही ना गं राग?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई," वहिनी म्हणाली. "बघताय ना."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

सगळे म्हणाले, किती शांत चेहरा. वहिनीला तो चेहरा बघवत नव्हता.

तर आता फरशीवर चादर, आणि वहिनी देवापुढे. तिनं हात जोडले. रोजची प्रार्थना सुरू केली आणि तिसऱ्या ओळीवर अडली. जोडलेल्या हातांकडे तिची नजर गेली. मनगटाला मनगट लागलेलं. तिला ते फडकं आठवलं, जे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. धाकटीचं मनगट कुणी धरलं की ती झटका देऊन सोडवून घ्यायची. रस्ता ओलांडताना वहिनीनं एकदा धरलं होतं तर असं हिसडलं, की वहिनी महिनाभर ते गावभर सांगत होती, "भल्याचं जगच राहिलं नाही." हात जोडून देवाला काय सांगायचं? हे जोडलेले हात कुणाशीच बोलत नव्हते. तिनं ते सोडले, उठली, पायात चपला सरकवल्या आणि धाकटीच्या कारखान्याकडे निघाली.

शर्टांचा कारखाना होता. धाकटी तिथं काज-बटणाच्या मशीनवर. वहिनी आजवर फाटकापर्यंतच गेलेली, छत्री द्यायला वगैरे. आज आत गेली आणि दारातच थबकली. केवढा तो खडखडाट! पायाखालची जमीन थरथरत होती. ओळीनं बसलेल्या बाया, पांढरे दिवे, हवेत सुताचे तुकडे. आणि सगळ्यांचे हात बोलत होते. मशीनला कापड लावायचं, सोडायचं, तेवढ्यात पलीकडच्या ओळीतल्या बाईला काहीतरी सांगायचं, पुन्हा कापड. ज्यांना ऐकू येत होतं त्याही हातांनीच बोलत होत्या. त्या आवाजात तोंडाचा काय उपयोग?

आणि मधोमध धाकटी. गळ्यात मापाची फीत अडकवून, पोट पुढे काढून, ती कुणाची तरी नक्कल करत होती. कापड कापणारे मास्तर असावेत, कारण ते स्वतः टेबलाशी उभे राहून खोटंखोटं रागावत होते. दोन्ही ओळी हसून लोटपोट. एकीनं सुई मोडली म्हणून हात वर केला आणि तरी हसत राहिली. वहिनी बघतच राहिली. ही आमची धाकटी? घरी जी भिंतीला टेकून एकेकाच्या तोंडाकडे बघत बसते, ती?

कॉलरच्या मशीनवरच्या बाईनं वहिनीला पाहिलं. शेजारणीला भुवईनं विचारलं. शेजारीण वळली, आणि तिनं पंजानं हवा दोनदा पुढे ढकलली, ओठ मिटून, नजर बाजूला नेऊन. पुढच्या ओळीतही तेच गेलं. पंजा, ओठ, नजर. ओळीओळीनं ते धाकटीपर्यंत पोचलं. तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

वहिनीला वाटलं, थांबायला सांगतायत. सुट्टी झाल्यावर भेटा म्हणत असतील. ती शहाण्यासारखी दाराच्या बाजूला उभी राहिली.

इस्त्रीच्या टेबलामागून एक जाडजूड बाई घाम पुसत आली आणि तिच्या कानाशी ओरडली, "उभ्या का अहो? या की आत!"

"त्या म्हणाल्या ना, नंतर!" वहिनीही ओरडली.

"कोण म्हणालं?"

"त्या सगळ्या. असं केलं ना." वहिनीनं पंजा ढकलून दाखवला.

इस्त्रीवाली आधी फस्सकन हसली. मग तिनं जीभ चावली. "अहो बाई, थांबा नाही म्हणाल्या त्या. तुम्ही आलात असं सांगत होत्या. ते नाव आहे तुमचं."

वहिनीच्या कानशिलापर्यंत आग चढली. तिला वाटलं, जमीन एवढी थरथरतेच आहे तर पोटात का घेत नाही? किती वर्षं हे नाव या ओळींतून फिरत असेल. आज 'नंतर'नं डबा दिला. 'नंतर'ला ताप आलाय. द्वेषानं ठेवलेलं नाव असतं तर भांडता तरी आलं असतं. पण चष्मा चढवणाऱ्या काकूंना चष्मा म्हणतात तसंच हे. जे रोज दिसलं ते ठेवलं.

"मनाला लावून घेऊ नका," इस्त्रीवाली म्हणाली. "माझं नाव काय माहितीये? ढेकर. एकदाच आली होती हो, पहिल्याच दिवशी. तीही यांना ऐकू कुठली येणार, पण खांदे हलले ना."

जेवणाची सुट्टी झाली. मशीनं एकदम बंद पडली आणि कानात दडे बसावेत तशी शांतता झाली. बायांचे हात मात्र चालूच. धाकटी हात पुसत आली. इस्त्रीच्या टेबलामागे, वाफेच्या वासात, तिघी बसल्या. वहिनी इस्त्रीवालीला म्हणाली, "ताई, माझं एक काम करा. मी सांगते ते हिला सांगा. आमच्या सासूबाई म्हणत होत्या, की..." आणि तिनं त्या दुपारचं सगळं, सासूबाईंच्या कललेल्या मानेसकट, सांगून टाकलं.

इस्त्रीवालीनं तीळ दाखवला, मान एका बाजूला कलवली आणि अडकली. हात खाली घेतले. "अहो, हे मला नाही जमायचं."

"तुम्हाला तर येतं!"

"येतं म्हणूनच सांगते. आपलं बरं असतं. 'त्या म्हणाल्या की' असं म्हणायचं आणि आपण बाजूला. हात कोरडे. यांच्यात तसं नाही चालत. ज्याचं बोलणं सांगायचं त्याची जागा घ्यावी लागते. तसं बसायचं, तसं बघायचं, रडत असेल तर रडायचं. तुमच्या सासूबाईंना मी पाहिलंसुद्धा नाही. मी त्यांचं सोंग आणू का, त्यांच्या लेकीपुढे?"

धाकटीनं सगळं डोळ्यांनी टिपलं होतं. तिनं बोट वहिनीकडे रोखलं. तू.

"मला शब्द येत नाहीत," वहिनी म्हणाली. हे वाक्य त्या दुपारी म्हणायचं होतं.

"ते मी पुरवते," इस्त्रीवाली म्हणाली. "तुम्ही बसा नीट."

वहिनी कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकली. मान एका बाजूला टाकली, उशीवर टाकतात तशी. सासूबाईंचे हात मांडीवर पडलेले असायचे तसे क्षणभर आपले पडू दिले, आणि मग उचलले. पंजा खांद्यावरून मागे, खूप मागे. इस्त्रीवालीनं दाखवलं तसा हात कमरेपर्यंत नेला, एवढीशी मुलगी. मग तिचे हात भिरभिरले. डॉक्टर आला. बोट हलवलं, नाही, नाही. हात बंद, तोंड उघड. मग वहिनीनं दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली आणि हवेतल्या फडक्याची गाठ मारली.

धाकटी दगडासारखी झाली.

वहिनीला पुढे जायचं नव्हतं, पण मध्ये सोडणं आणखी वाईट झालं असतं. तिनं पाठ फिरवून भाकऱ्या थापल्या. पुन्हा वळली. गाठ सोडली. इस्त्रीवालीनं चुकलं कसं म्हणतात ते दाखवलं. हात सोपा होता, पण इस्त्रीवाली म्हणाली, "तोंड, अहो, तोंड! कोऱ्या चेहऱ्यानं केलंत तर ते चुकलं होतच नाही. नुसता हात हलतो." वहिनीनं आयुष्यात किती जणांची माफी मागितली होती. भाजी निवडता निवडता, फोनवर, दाराशी जाता जाता. चेहरा कधी लागला नव्हता. आता तो आपोआप लागला. सासूबाईंचा होता की तिचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी, सगळ्यांच्या मागून, प्रश्न. राग. तुझ्या मनात. आहे?

मग ती गठ्ठ्यावरून सरळ बसली, म्हणजे आता सासूबाई नाहीत, वहिनी. मी, तेव्हा. आई रडते. मी तुला, जेव. ते खोटं. खोटं कसं म्हणतात ते तिनं विचारलं आणि दोनदा केलं.

 धाकटीचे हात इतक्या वेगानं उठले की वहिनीला त्यातला तीळ तेवढा कळला. इस्त्रीवाली हळू आवाजात तिचं बोलणं सांगत गेली. "ती म्हणते, फडकं आठवतं मला. निळ्या चौकड्यांचं. का बांधलं ते कळत नव्हतं. वाटायचं, मी काहीतरी वाईट केलंय. काय केलं ते शोधायची. मोठी झाले तरी शोधायची. आईला विचारलं की ती उठून जायची."

मग हात जरा सावकाश झाले.

"ती म्हणते, जेव सांगताना कुणी रडतं का? मी बहिरी आहे, खुळी नाही. मला माहीत होतं तू खोटं बोलतेस. आईला रडताना बघवेना म्हणून मी हसले. वाटलं, नंतर सांगशील. तुझं नावच ते."

वहिनीनं मान खाली घातली. धाकटीनं तिच्या हनुवटीला बोट लावून मान वर केली. प्रेमानं नव्हे. मान खाली असली तर पुढचं कसं दिसणार?

"आई मला विचारत होती. उत्तर मी दिलं असतं. तिला माझ्या भाषेत कळलं असतं, तुझी गरज नव्हती. माझं उत्तर तू खाल्लंस."

"काय होतं उत्तर?" वहिनीनं विचारलं. तोंडानंच विचारलं, हात विसरले.

इस्त्रीवालीनं विचारलं. धाकटीनं वहिनीकडे नीट पाहिलं आणि हनुवटीवर बोट ठेवलं, मग पंजा बंद करून छातीशी नेला.

"ते आईचं आहे, म्हणते. तुला नाही सांगायचं."

 वहिनीनं मान हलवली. देवही विचारेल तेव्हा हेच सांगावं लागेल, की प्रश्न माझ्या हातात दिला होता आणि मी तो पोचवलाच नाही. समजूत काढणारा एकही शब्द तिच्यापाशी नव्हता, आणि असता तर आज तिनं तो काढला नसता.

धाकटीनं आणखी काहीतरी म्हटलं. तिनं खांदा वळवला आणि पाठ दाखवली, मग परत वळून पंजा आपल्याकडे ओढला. इस्त्रीवालीनं विचारलं, "पाठ म्हणजे तुमचे यजमान का?"

वहिनीला कळायला वेळ लागला नाही. वर्तमानपत्राच्या मागचा माणूस. घरी आला की त्याची पाठच दिसते.

"त्याला घेऊन ये, म्हणते. तो तेव्हा मोठा होता. ओट्यापाशी तोही असायचा. त्यानं पाहिलंय. त्यानं काय पाहिलं ते त्यानं सांगायचं. इथं येऊन, उद्या, याच वेळी. त्याला शब्द आम्ही पुरवू."

 इतक्या वर्षांत नवरा त्या फडक्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. बहिणीचा विषय निघाला की वर्तमानपत्र जरा वर जायचं, बस. तिला वाटायचं, पुरुषमाणूस, बोलायचा कंटाळा.

"येतील का ते?" इस्त्रीवालीनं विचारलं. धाकटीनंही तोच चेहरा केला.

वहिनीचा पंजा सवयीनं उठला. अर्ध्यात तिनं तो पकडला, दुसऱ्या हातानं खाली दाबला. धाकटीनं ते पाहिलं. हसली नाही. तिनं फक्त वहिनीचा अंगठा धरून सरळ केला आणि बोटं मिटवली. असं. घेऊन येते, हे असं म्हणतात. मग उठून मशीनकडे गेली. कुणीतरी कळ दाबली, जमीन पुन्हा थरथरू लागली, आणि कॉलरवालीनं विचारलंच, काय झालं? धाकटीनं सांगायला सुरुवात केली. तिनं मान एका बाजूला कलवली. वहिनीनं पुढचं पाहिलं नाही.

"माझं नाव बदलतील का हो कधी?" जाता जाता तिनं इस्त्रीवालीला विचारलं.

"नावं आपण नाही बदलत," इस्त्रीवाली म्हणाली. "माझी ढेकर अजून आहेच की."

बाहेर ऊन होतं. घरी चादर अजून फरशीवर असणार. तिला आता दोन माणसं लागणार होती, आणि धाकटी संध्याकाळी येऊन टोकं धरेल की नाही, ते वहिनीला सांगता येत नव्हतं. पण घरी इतक्यात जायचं नव्हतं. आधी घड्याळाच्या दुकानात जायचं होतं, नवऱ्याच्या डोळ्याचं भिंग काढून ठेवायला लावायचं होतं, आणि सांगायचं होतं की उद्या दुपारी शटर ओढायचं आणि माझ्याबरोबर कारखान्यात यायचं.